आपला ओटा, आपल्या हाताने

स्वयंपाकघराचा ओटा घरच्या घरी कसा बांधावा : माप, सामान, काम आणि निगा

'ओटा' हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या कानाला कधी गोड लागला नाही. गावात ओटा म्हणजे दुसऱ्याच्या घरापुढचा ओटा. त्यावर पाटील बसायचा, सावकार बसायचा, आणि आपला माणूस खाली अंगणात चार हात लांब उभा राहून जोहार घालायचा. त्या ओट्याच्या पायरीला पाय लावायची मुभा नव्हती. पण त्याचा दगड फोडणारे आणि त्याची माती वाहणारे हात पुष्कळदा महारवाड्यातलेच होते.

आज ओटा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर येते. गॅसची शेगडी, भांड्यांची मांडणी, पिण्याच्या पाण्याचा माठ. शब्द तोच राहिला, जागा बदलली, आणि मालकी आपली झाली. परंतु ही मालकी अजून सगळ्यांच्या घरी पोचलेली नाही. जळगाव-धुळ्याकडे आपले कितीतरी बांधव गवंडीकाम करतात, फरशी बसवतात, सेंटरिंग ठोकतात, घमेली वाहतात. दिवसभर दुसऱ्याच्या बंगल्यात ग्रॅनाइटचा ओटा बसवून मिस्त्री संध्याकाळी घरी येतो, तेव्हा त्याची बायको जमिनीवर उकिडवी बसून भाकरी टाकत असते. हे चित्र आम्ही अनेक वस्त्यांत पाहिले आहे. घरकुलाचा शेवटचा हप्ता भिंती-छपरात संपतो आणि ओटा 'पुढच्या वर्षी' म्हणून राहून जातो. ते पुढचे वर्ष कधी येत नाही.

म्हणून या वेळी आम्ही ओट्याचीच गोष्ट घेतली आहे. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा घरातली दोन माणसे सुट्टीच्या दिवसांत बांधू शकतात. फार मोठी विद्या त्याला लागत नाही. माप, ओळंबा आणि धीर या तीन गोष्टी लागतात.

ओटा कशाला हवा?

कुणी म्हणेल, आमची आई जन्मभर खाली बसूनच रांधत आली, तिचे काय बिघडले? तिच्या गुडघ्यांना विचारा. रोज शेकडो वेळा उठबस करून चाळिशीतच गुडघे बोलू लागतात. जमिनीवरच्या शेगडीपाशी रांगते मूल येते आणि उकळते वरण अंगावर घेते. खाली मांडलेल्या पिठाच्या डब्याला ओल लागते, मुंग्या लागतात, पावसाळ्यात विंचवा-किड्याची भीती असते. चुलीचा धूर तर सर्वांत वाईट. घरातल्या धुरामुळे जगभरात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्यात बायका आणि लहान मुले फार. ओट्याने धूर जात नाही हे खरे. पण ओटा झाला की खिडकी सुचते, गॅस नीट मांडला जातो आणि स्वयंपाकाला हक्काची उजेडाची जागा मिळते.

सरकारनेही ही गोष्ट मान्य केली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा मोजलेली आहे. आपल्या राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. घरकुल मंजूर झालेल्यांनी नकाशा काढतानाच ओट्याची भिंत, खिडकी आणि सांडपाण्याचा पाईप कागदावर मांडून घ्यावा. नंतर भिंत फोडण्यात दुप्पट खर्च होतो.

मुहूर्त नको, वारा पाहा

ओटा कोणत्या दिशेला असावा, असा प्रश्न हमखास येतो. शेजारी सांगतात आग्नेय दिशा, टीव्हीवरचा माणूस सांगतो पूर्वेकडे तोंड. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्यांच्या घराच्या भिंतीवर लावलेल्या आहेत, त्यांनी या फंदात पडू नये. दिशेचा विचार अवश्य करावा, पण बुद्धीने करावा.

खिडकी कुठे आहे? ओट्यावर दिवसाचा उजेड पडला पाहिजे, आणि तो समोरून किंवा बाजूने पडला पाहिजे. पाठीमागून पडला तर आपलीच सावली चाकूखाली येते. वारा कुठून येतो? थेट शेगडीवर झोत येत असेल तर ज्योत विझते आणि गॅस घरात पसरतो. सांडपाणी कुठे जाणार? सिंक बाहेरच्या भिंतीकडे असले की पाईप आखूड लागतो आणि तुंबत नाही. दार कुठे उघडते? दाराचे फळकूट शेगडीपाशी काम करणाऱ्या बाईच्या पाठीवर आपटू नये. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की ओट्याची दिशा ठरली.

घर लहान आहे म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरात कामगारांच्या वसाहती उभ्या राहत होत्या, तेव्हा १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियाच्या स्त्री वास्तुशिल्पकाराने त्या घरांसाठी स्वयंपाकघर आखले. मापे सुमारे सव्वासहा फूट बाय अकरा फूट, एवढीच. बाईला किती पावले चालावी लागतात, हात कुठवर पोचतो, याचा हिशेब तिने मांडला आणि चूल, सिंक, फळ्या त्याप्रमाणे बसवल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे झाली. आजच्या महागड्या 'मॉड्युलर किचन'चे मूळ त्या कामगार वस्तीत आहे. हीच बाई पुढे हिटलरशाहीविरुद्ध उभी राहिली, १९४१ मध्ये पकडली गेली आणि १९४५ पर्यंत तुरुंगात होती. कष्टकऱ्याच्या घरातली बाईची पावले मोजणारी व्यक्ती अन्यायापुढे गप्प बसली नाही, यात आम्हाला नवल वाटत नाही.

उंची कुणाच्या मापाची?

मिस्त्री सहसा न विचारता अडीच फूट किंवा तीन फूट उंची धरतो. इथेच पहिली चूक होते. ओट्यावर जी रोज उभी राहणार तिचे माप घ्या. तिला चपलेशिवाय सरळ उभी करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते पाच इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हा आकडा साधारण ३२ ते ३३ इंच येतो. शेगडी स्वतः चार-पाच इंच उंच असते हे ध्यानात ठेवा. मोठ्या पातेल्यात डाव फिरवताना खांदा वर उचलावा लागला, तर ओटा उंच झाला असे समजा.

आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट आहे. कळण्याची भाकरी, बाजरीची भाकरी थापायची तर अंगाचा भार हातावर यावा लागतो. उंच ओट्यावर परातीत भाकरी थापली तर मनगट दुखते. जागा असेल तर ओट्याचा शेवटचा दीड-दोन फुटांचा भाग तीन-चार इंच खाली घ्यावा. भाकरी तिथे थापावी, मसाला तिथे वाटावा. मिस्त्रीला हे सुचणार नाही, बाईने सांगावे लागेल. ओटा बांधण्याआधी घरातल्या बायकांना एकत्र बसवून विचारा. चौदा एप्रिलला किंवा ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाणारे पाहुणे घरी उतरले की वीस माणसांचे वरण-बट्टी कुठे शिजवायचे, हे त्यांनाच माहीत असते.

रुंदी दोन फूट पुरे. त्याहून जास्त घेतली तर मागच्या भिंतीपर्यंत हात पोचत नाही आणि कोपऱ्यात घाण साचते.

दगडाची ओळख

खानदेश काळ्या कातळाचा मुलूख आहे. जळगावपासून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या डोंगरात याच कातळात लेणी कोरली गेली. बाराव्या लेण्यात भिक्खूंच्या खोल्यांमधून दगडातच कोरलेले निजायचे ओटे आजही पाहायला मिळतात. दोन हजार वर्षे झाली तरी ते हललेले नाहीत. परंतु हा कातळ फरशीसारखा पातळ निघत नाही, म्हणून ओट्याचा दगड आपल्याकडे बाहेरून येतो.

कडप्पा : आंध्रातल्या कडप्पा भागातला काळा दगड. साधारण एक इंच जाड मिळतो. गरिबाच्या ओट्याचा हाच खरा सोबती. हा चुनखडीच्या जातीचा आहे, त्यामुळे लिंबू, चिंच आणि ॲसिड त्याला सोसत नाही. डाग पडून पांढरट होतो.

कोटा : राजस्थानातून येतो. रंग हिरवट-करडा. पॉलिश चांगले घेतो. जात चुनखडीचीच, म्हणून आंबट पदार्थांचे पथ्य त्यालाही आहे.

शहाबादी : कर्नाटकातल्या शहाबादची फरशी. जमिनीला उत्तम. ओट्याच्या खालच्या फळ्यांना चालते, वर मात्र लवकर डागाळते.

ग्रॅनाइट : सर्वांत टणक. आंबट, तेलकट, गरम सगळे सोसतो. किंमत जास्त. दुकानात मोठ्या ओट्यांचे कापून उरलेले तुकडे पडून असतात. सहा फुटांच्या ओट्याला तीन-तीन फुटांचे दोन तुकडे जुळले तर भाव करून घ्यावेत. सांधा मात्र मधल्या भिंतीवरच आला पाहिजे.

दगड घेताना तो उभा करून बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध आहे. बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते. पाणी टाकून पुसा. चीर असेल तर ओली रेघ मागे राहते.

सामान किती लागेल?

सहा फूट बाय दोन फूट ओट्याचा हिशेब असा.

दगड १२ चौरस फूट. कडप्पा एक इंच जाडीचा असेल तर वजन सुमारे ७५ किलो भरते. म्हणून उचलायला किमान तीन माणसे हवीत. आधाराच्या तीन भिंती, प्रत्येकी चार इंच जाड, बावीस इंच खोल आणि सुमारे अडीच फूट उंच. यांना तुटफूट धरून पाऊणशे विटा पुरतात. सिमेंटची एक गोणी, म्हणजे ५० किलो, भिंती, गिलावा आणि दगड बसवणे या सगळ्याला पुरते. वाळू पाच-सहा घनफूट. पांढरे सिमेंट आणि काळा रंग सांध्यांपुरता.

वाळू तापीची असो, गिरणेची असो की क्रशरची, ती तपासून घ्या. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू भरा, वर पाणी घाला, हलवून दोन-तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जाड असेल तर वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

काम कसे करावे

पहिला दिवस आखणीचा. पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीवर पातळीच्या खुणा करा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. जमिनीवर पुढे फरशी बसवायची असेल तर तिची जाडी आधीच धरा, नाहीतर ओटा तेवढा बुटका होईल. ठरलेल्या उंचीतून दगडाची आणि मसाल्याची मिळून दीड इंच जाडी वजा करा. तिथे भिंतींचा माथा येईल.

मग विटांचे काम. विटा आदल्या रात्री पाण्यात टाकून ठेवा. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. एक घमेले सिमेंटला सहा घमेली वाळू असा मसाला करा. अर्ध्या तासात संपेल तेवढाच कालवा. प्रत्येक दोन थरांनंतर ओळंबा धरा आणि तिन्ही भिंतींचे माथे एका दोरीत आणा. दोन भिंतींच्या मधले अंतर अडीच फुटांच्या आसपास ठेवा. तीन फुटांहून जास्त मोकळ्या अंतरावर एक इंची दगड ठेवणे धोक्याचे. भिंती झाल्या की दुसऱ्या दिवसापासून सात दिवस पाणी मारा. नंतर एकास चार मसाल्याने गिलावा करा.

मागची भिंत पक्की नऊ इंची असेल तर दगडाची मागची कड आत बसण्यापुरती दीड-दोन इंचांची खाच मारता येते. तेवढा दगड आत जाणार हे धरून मापाला वाढवून घ्या. धाब्याच्या जुन्या घरांत भिंती मातीच्या असतात. तिथे खाच मारू नका. मागच्या बाजूलाही चार इंचांची विटांची भिंत उभी करा आणि सगळा भार तिच्यावर घ्या.

दगड बसवण्याचा दिवस महत्त्वाचा. दगड आडवा धरून कधीही उचलू नये, मधोमध मोडतो. उभा, कडेवर धरून न्यावा आणि भिंतींवर टेकवूनच आडवा करावा. सिंकचे भोक दुकानातच कापून घ्या. भोकाच्या पुढे किमान तीन-चार इंच दगड राहिला पाहिजे. नेमकी तीच अरुंद पट्टी वाटेत तुटते, म्हणून नेताना तिला फळी बांधा. भिंतींच्या माथ्यावर एकास चारचा मसाला अर्धा इंच पसरा, दगड ठेवा, लाकडी ठोकळ्याने हलके ठोका. सिंकच्या दिशेने पाव इंच उतार द्या. दगड भिंतींच्या पुढे दीड-दोन इंच येऊ द्या, म्हणजे उभे राहताना पायाची बोटे भिंतीवर आपटत नाहीत. पुढच्या कडेला अर्धा इंच उंचीची दगडाची पट्टी लावली की सांडलेले पाणी पायावर येत नाही.

दगडाला पैसे नाहीत त्यांनी ओतीव ओटा करावा. भिंतींवर फळ्यांचे सेंटरिंग करून तीन इंच जाडीचा स्लॅब ओता. सिमेंट एक, वाळू दीड, खडी तीन, असे प्रमाण ठेवा. बारा चौरस फुटांना सिमेंट पाऊण गोणीच्या आत लागते, खडी अडीच घनफूट आणि आठ मिलिमीटरची सळई सुमारे सात किलो. सळया सहा-सहा इंचांवर दोन्ही अंगांनी बांधा आणि खाली पाऊण इंचाचे दगडी तुकडे देऊन फळीपासून उचलून ठेवा. फळीला टेकलेली सळई पुढे गंजून ओटा फोडते. मधल्या भिंतीच्या वर अडीच फूट लांबीचे दोन-तीन तुकडे वरच्या बाजूला बांधा, तिथे भेग वरून पडते. पाणी एका गोणीला २५ लिटरच्या आसपास, त्याहून जास्त नको. पातळ माल ओतायला सोपा जातो पण कच्चा राहतो. सिंकच्या जागी आधीच लाकडी चौकट ठेवा. वरून सिमेंटचा नीरू फिरवून गुळगुळीत करा किंवा पुढे पैसे आले की टाइल लावा.

सिमेंटची तहान

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. भुसावळकरांना तर हे सांगायलाच नको. अशा उन्हात ओले सिमेंट दोन तासांत वाळते, आणि वाळलेले सिमेंट घट्ट झालेले नसते. सिमेंट पाण्याने घट्ट होते. म्हणून ओतीव ओट्यावर ओली गोणपाटे अंथरा आणि चौदा दिवस ती कोरडी पडू देऊ नका. सेंटरिंगही तोवर काढण्याची घाई करू नका. नळ रोज येत नसेल तर धुणे-भांड्यांचे शेवटचे स्वच्छ पाणी गोणपाटावर टाकावे, साबणाचे टाकू नये.

कामाला सर्वांत चांगला काळ थंडीचा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीहून परत आलात की काम धरा. जानेवारी उजाडण्याच्या आत ओटा तयार होतो.

सिलिंडरची जागा

ओट्याखाली सिलिंडर उभाच ठेवावा. आडवा कधीही नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला दार लावून तो बंद करू नका, आणि लावलेच तर खाली जाळी ठेवा. शेगडी सिलिंडरपेक्षा वरच असली पाहिजे. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नसावी, आणि पाच वर्षांनी ती न विसरता बदलावी. नळी दगडाच्या धारदार कडेवरून जात असेल तर ती कड आधी घासून गोल करा. विजेचे बटण सिलिंडरच्या खणात किंवा सिंकच्या वर कधी घेऊ नका.

भाड्याच्या घरातला ओटा

आडनाव विचारून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्याला अजून येतो. मिळालेले घर किती दिवस राहील याची खात्री नसते. तिथे विटांचा ओटा बांधून घरमालकाला भेट देण्यात अर्थ नाही. अशा कुटुंबांनी लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावी. लांबी चार-पाच फूट, मध्ये आडवा आधार, पायांना रबरी बुच. त्यावर कडप्प्याचे दोन तुकडे नुसते ठेवायचे, मसाला लावायचा नाही. दगडाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दिल्या की तो हलत नाही. घर सोडताना दगड उतरवायचे, चौकट हातगाडीवर टाकायची आणि ओटा आपल्याबरोबर न्यायचा.

धुळीचे भय

आता एक गंभीर गोष्ट, जी आमच्या मिस्त्री बांधवांनी दोनदा वाचावी. कटर मशीनने कोरडा दगड कापला की पिठासारखी धूळ उडते. त्यात सिलिका असते. ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक होऊन फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. वर्षानुवर्षे ती गिळली की सिलिकोसिस होतो. दम लागतो, खोकला जात नाही, क्षय लवकर धरतो. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. कडप्पा आणि कोट्यात सिलिका कमी, ग्रॅनाइटमध्ये बरीच, आणि कारखान्यात बनवलेल्या 'क्वार्ट्झ' ओट्याच्या दगडात ती नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. हा बनावट दगड कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

आपल्या हातात काय आहे? दगड कापताना पात्यावर पाण्याची धार धरा, म्हणजे धूळ उडतच नाही. पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणून वायर तुटकी नसावी आणि ईएलसीबी बसवलेल्या जोडणीवरच मशीन चालवावे. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. घरात कापू नका, अंगणात वाऱ्याच्या बाजूला उभे राहून कापा. लहान मुलांना लांब ठेवा. ठेकेदार मास्क देत नसेल तर मागा. मागणे हा हक्क आहे. ठेकेदाराला कामगार दुसरा मिळेल, घराला बाप दुसरा मिळणार नाही.

ओट्याची निगा

सांधे पांढऱ्या सिमेंटमध्ये काळा रंग घालून भरा आणि तीन दिवस ओले ठेवा. मागच्या भिंतीला दोन फूट उंच टाइल लावली तर फोडणीचे तेल भिंतीत मुरत नाही. दगड आणि टाइल यांच्यामधली फट दरवर्षी पावसाळ्याआधी पाहा. तिथून पाणी शिरले की भिंतीला ओल येते.

कडप्पा ॲसिडने धुऊ नका. साबणाच्या पाण्याने पुसा. लिंबू, चिंच, ताक सांडले तर लगेच पुसा. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवला तर काळेभोर रूप टिकते. चुलीवरून उतरलेले तापलेले पातेले थेट दगडावर न ठेवता खाली लाकडी पाट द्या. कडप्पा तापून तडकतो. ओट्यावर चढून माळ्यावरचे सामान काढू नका. दगड पातेल्यांसाठी आहे, माणसाच्या उडीसाठी नाही.

काम कुणाचे?

ओटा बांधून झाला की एक प्रश्न उरतो. त्यापुढे उभे कोण राहणार? जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असा विचार मांडला होता. मग मोजमाप आपल्या स्वयंपाकघरातूनच सुरू होऊ द्या. ओटा बायकोच्या मापाचा केला याचा अर्थ तो तिच्या एकटीच्या नावावर झाला असा होत नाही. नवऱ्याने चहा टाकावा, मुलाने भांडी विसळावी, मुलीला अभ्यासाला मोकळीक द्यावी. ओट्याच्या रिकाम्या कोपऱ्यावर, जिथे उजेड चांगला येतो, तिथे तिचे पुस्तक उघडे असले तर तो कोपरा वाया गेला असे कुणी म्हणू नये.

पहिल्या दिवशी नारळ फोडू नका, दगडावर उगाच डाग पडतो. ज्यांनी विटा उचलल्या, पाणी मारले, दगडाला खांदा दिला, त्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांना बोलवा आणि नव्या ओट्यावर केलेली शेवभाजी-भाकरी वाढा. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी अजून ओटा नसेल तर जेवतानाच पुढची तारीख ठरवा. ओळंबा, नळी आणि थापी तुमच्याकडे आहेच. आता अनुभवही आहे. एका गल्लीतली चार घरे अशी एकमेकांच्या मदतीला आली तर एका हिवाळ्यात चार ओटे उभे राहतील.

जय भीम.